कपाटातल्या एकेचाळीस जणी

कवळीताईंना सगळे कवळीताई म्हणत, ते त्यांच्या तोंडात कवळी होती म्हणून नव्हे. अठ्ठावन्नाव्या वर्षीही त्यांचे दात शाबूत होते. एकतीस वर्षं त्यांनी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या केल्या होत्या. दवाखान्यातून जबड्याचा साचा यायचा. मेणात एकेक दात बसवायचा, गुलाबी हिरडी घडवायची, घासायची, चकाकी आणायची आणि डबीत घालून पाठवून द्यायची. माणूस कधी बघायला मिळायचा नाही, नुसता जबडा. रस्त्यात एखादी अनोळखी बाई हसली की ताई मनात म्हणत, वरची माझी असावी.

बाहुल्या आल्या त्याही लॅबमधूनच. एका दातांच्या डॉक्टरांनी आपल्या आईची लहानपणची बाहुली आणून दिली होती. तिची तीन बोटं तुटली होती. "कवळी जमते तर हेही जमेल," म्हणाले. ताईंनी जेवणाच्या सुट्टीत बोटं करून दिली. नखांसकट. त्यानंतर भंगारवाले, घरं रिकामी करणारे, जुन्या वस्तूंची दुकानं असं करत सव्वीस वर्षांत मागच्या खोलीतलं कपाट भरलं. चार फूट रुंद, सहा फूट उंच, काचेच्या दारांचं. आत एकेचाळीस बाहुल्या, सगळ्या कचकड्याच्या. कुणाच्या गालाला खड्डा पडलेला होता, तो आतून वाफ देऊन वर काढलेला. कुणाचा पाय फुटलेला, तो आतून जाळीचं कापड चिकटवून सांधलेला. ओठ एका केसाच्या ब्रशने रंगवलेले. हात-पाय आतल्या रबरी दोरीने ओवून पुन्हा हलते केलेले.

"आमच्या घरात त्रेचाळीस बायका आहेत," मुलगा पाहुण्यांना सांगायचा. "त्यातल्या दोघीच बोलतात, आणि त्याही एकमेकींशी नाही."

हे अगदी खरं नव्हतं. सासू-सुना बोलत. फक्त बेताने बोलत.

कचकड्याची एक खोड असते. ते अ‍ॅसिडमध्ये मुरवलेला कापूस आणि कापूर यांचं बनतं. धडधाकट असतं तोवर त्याला मंद कापराचा वास येतो. म्हातारपणी कधीतरी ते आजारी पडतं. मग कापूर उडून जातो आणि आंबट, नाकात झोंबणारा वास सुटतो. डोळ्यांना काही दिसायच्या कितीतरी आधी तो वास येतो. आणि तो वास हाच रोग. बंद जागेत एकीचा वास शेजारणीला लागतो, शेजारणीचा तिच्या पलीकडचीला, आणि बघता बघता अख्खी रांग पिवळी पडते, घामेजते, तडकते, भुगा होते. उपाय नाही. जी बिघडली ती वेगळी करायची, एवढंच. म्हणून या कामातली माणसं बाहुली हातात आली की आधी नाकाशी धरतात, मग तिचं तोंड बघतात.

दोन वर्षांपूर्वी ताईंना ताप आला होता. ताप आठ दिवसांत उतरला, पण वास परत आला नाही. आधी वाटलं, येईल. मग वाटलं, हळूहळू येईल. सहा महिन्यांनी त्यांनी वाट बघणं सोडलं आणि लपवायला सुरुवात केली.

लपवायला कारण होतं. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या काकूंनी एकदा गॅस उघडा ठेवला होता. तेव्हा मुलगा जेवताना म्हणाला होता, "अशा माणसाला घरात एकटं ठेवणंच चूक. कुठेतरी सोय बघायला हवी." सहज म्हणाला होता. 

तेव्हापासून त्या गॅसजवळून हलत नसत. दूध करपलेलं कळणार नाही म्हणून वर येईपर्यंत डोळा ठेवून उभ्या राहत. सुनेला वाटे, सासूबाईंना स्वयंपाकघर सोडवत नाही. फुलं आणली तर त्या आधी दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत आणि मग "छान आहे हो" म्हणत. आमटी झाकण काढून हुंगत आणि "जरा उकळू दे" म्हणत. तेवढं कधीच चुकत नाही.

बाहुल्यांच्या बाबतीतही तेच केलं. आठ महिन्यांपूर्वी भंगारवाल्याने एक खलाशी आणला. एकेचाळिसावा. निळा पोशाख, टोपी, गालावर खळी. ताईंनी त्याला सवयीने नाकाशी धरलं. भंगारवाला बघत होता. सव्वीस वर्षं तो त्यांना असंच बघत आला होता आणि इतर गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत आला होता, की ताई नाकाने परीक्षा करतात. ताईंनी मान हलवली. "ठीक आहे," म्हणाल्या. आणि खलाशाला दुसऱ्या फळीवर मधोमध उभं केलं.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी सुनेला दिवस गेले. तिला सगळ्याचाच वास यायला लागला. साबणाचा, वर्तमानपत्राच्या शाईचा, नवऱ्याच्या मानेचा. दुसऱ्या महिन्यात ती म्हणाली, "आई, तुमच्या खोलीतून काहीतरी आंबट येतंय."

"कापूर तो," ताई म्हणाल्या. "कचकड्याला येतोच."

"कापूर मला कळतो, आई. हे आंबट आहे."

"तुला हल्ली पाणीसुद्धा आंबट लागतं."

रात्री सून नवऱ्याकडे बोलली असणार, कारण रविवारी तो सुताराला घेऊन आला. सुताराने कपाटाच्या दारांना चारी बाजूंनी रबराची पट्टी बसवली. दार लावलं की फस्स असा आवाज यायचा. "आता आतलं बाहेर येणार नाही अन् बाहेरचं आत जाणार नाही," सुतार म्हणाला. मुलगा खूश झाला. सून खूश झाली. ताईंनाही वाईट वाटलं नाही. समोर इमारतीचं बांधकाम चालू होतं, धूळ यायची, ती बंद होईल. मोकळी हवा हाच या बाहुल्यांचा प्राण, हे त्यांना पाठ होतं. पण कपाट बंद करू नका म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि आंबट काही नाहीच असं तर त्या सांगून बसल्या होत्या. शिवाय खरंच कापूरच असेल, असंही त्यांनी स्वतःला पटवलं होतं.

हे तीन महिन्यांपूर्वी झालं.

आता सुनेला पाचवा महिना सरत आला होता आणि मागची खोली रिकामी व्हायची होती. पाळणा तिथे, सुनेची आई मदतीला येईल तिची खाट तिथे. ताईंनी हे आपण होऊन सुचवलं होतं. त्यांची एकच अट होती, बाहुल्या एकत्र एका ठिकाणी जाव्यात. दुकानदाराला दिल्या तर तो एकेक विकेल. माळ्यावर ठेवल्या तर पहिल्याच उन्हाळ्यात मरतील. शेवटी शहरातल्या खेळण्यांच्या संग्रहालयाला त्यांनी पत्र लिहिलं, फोटो पाठवले. तिथे नवं दालन होत होतं. तिथल्या बाईंचं उत्तर आलं. गुरुवारी बघायला येते, पसंत पडल्या तर सगळ्या घेऊ, खाली पाटी लावू, दुरुस्त कुणी केल्या तेही लिहू. ताईंनी ते पत्र चार वेळा वाचलं आणि चष्म्याच्या घरात ठेवलं.

सोमवारी सकाळी त्यांनी कपाट उघडलं. बाहुल्या पुसून, कपडे झटकून ठेवायच्या होत्या.

पहिली दिसली ती टाचणी. खलाशाच्या टोपीची टाचणी हिरवी-काळी झाली होती. मग त्याचा डावा हात. ताईंनी तो धरला तर तो बोटांत चुरला, जुन्या खडूसारखा. त्यांनी शेजारच्या बाहुलीचा झगा उचलला. कापड कॉलरपाशी पिवळं पडलं होतं आणि धरताच फाटलं. तिसरीच्या गालावर थेंब होते. त्यांनी बोट लावलं. चिकट.

तिघी दिसत होत्या. म्हणजे रोग किती जणींत होता, ते फक्त नाक सांगू शकलं असतं.

ताईंनी चौथी उचलली आणि नाकाशी धरली. काही नाही. पाचवी. काही नाही. जोरात श्वास घेतला, तोंड मिटून, डोळे मिटून. त्यांनी टेबलाच्या खणातून कापराची वडी काढली आणि नाकाला चिकटवली. नाकपुडीला गार लागलं. वास नाही. एकेक करून त्यांनी एकेचाळीसही हुंगल्या आणि परत पहिलीपासून सुरुवात केली. मग त्या स्टुलावर बसल्या. एकतीस वर्षांत एकही कवळी परत आली नव्हती, असं त्या लॅबमध्ये मिरवायच्या.

मुलगा ऑफिसला गेला होता. सून बाहेर सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. ताई दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"जरा येशील?"

"काय झालं, आई?"

"तो आंबट वास. अजून येतो?"

सुनेने त्यांच्याकडे बघितलं. "कपाट उघडलंत ना? इथपर्यंत येतोय. मी म्हटलं, कशाला बोला."

"मला येत नाही."

"सर्दी झालीय?"

"नाही. मला कसलाच वास येत नाही. दोन वर्षं."

सून पाय खाली सोडून बसली. मग म्हणाली, "दोन वर्षं तुम्ही माझी आमटी हुंगून 'जरा उकळू दे' म्हणताय."

"अंदाजाने."

"मी परत उकळत होते, आई. रोज."

तिला हसू आलं, पण ताईंचा चेहरा बघून ते अर्ध्यावर राहिलं. ताईंनी सगळं सांगितलं. बाहुल्यांचा रोग, खलाशी, रबराची पट्टी. आणि शेवटी जे मागायचं होतं ते मागितलं. मागताना त्या तिच्या पोटाकडे बघत नव्हत्या.

"तुझ्यासारखीला असला वास घ्यायला सांगू नये, हे मला कळतं. त्याला कळलं तर तो मला दारात उभं करणार नाही. पण गुरुवारी त्या बाई येतायत. निदान चांगल्या आहेत तेवढ्या मला वेगळ्या काढू दे. खिडकीशी बस, लांबून घे. एकदाच."

सुनेने नॅपकिन घेतला आणि उठली.

खिडकी उघडून ती स्टुलावर बसली. ताई एकेक बाहुली तिच्यासमोर हातभर अंतरावर धरत. कापूर असेल ती टेबलावर, आंबट असेल ती खाटेवर.

"आंबट."

"नीट बघ."

"आई, हे नीट बघण्यासारखं नाहीये. आंबट. हीपण. हिला थोडा... नाही, आंबटच."

ताई खाटेवर बाहुल्या मांडत गेल्या, शेजारी शेजारी, पालथ्या नाही, तोंडं वर करून. टेबलावर पहिली गेली ती अकरावी. सून म्हणाली, "ही चांगली. खरंच कापूर." ताईंनी ती दोन्ही हातांनी नेऊन ठेवली. एकोणिसावीला सून नॅपकिन तोंडाला लावून मोरीकडे धावली. ताई दाराबाहेर उभ्या राहिल्या, आतला आवाज ऐकत.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "बास कर. माझीच अक्कल गेली."

सून तोंड पुसत बाहेर आली. "आता कुठे थांबवताय. आणा पुढची."

टेबलावर सात जमल्या. खाटेवर चौतीस.

सून बराच वेळ खाटेकडे बघत राहिली. तिला बाहुल्या कधी आवडल्या नव्हत्या. पण ती हिशोबी होती, आणि खोली तिलाही हवी होती. "गुरुवारपर्यंत तीन दिवस आहेत," ती म्हणाली. "खिडकी उघडी ठेवू, पंखा लावू. वास उडून जाईल. दिसायला तीनच खराब आहेत, त्या काढून ठेवा. त्या बाईंना काय कळतंय?"

ताईंनी पंखा लावला.

मग त्या कामाला लागल्या. जिथे बारीक तडा दिसला तिथे त्यांनी रंग भरला. हिरडीचे नऊ गुलाबी रंग त्यांना डोळे मिटून मिसळता येत, गालाचा रंग काय मोठा. घाम टिपला. पिवळे पडलेले झगे बदलले, जुन्यातून नवे शिवले. गंजलेल्या टाचण्या काढून नव्या लावल्या. जेवायला हाक मारली तर "आले" म्हणत आणि येत नसत. बुधवारी संध्याकाळी मुलगा दारात येऊन म्हणाला, "वा, आई. लग्नाला निघाल्यात सगळ्या." सून मागे उभी होती. इतकं सुबक काम ताईंनी आयुष्यात केलं नव्हतं, आणि जे झाकत होत्या ते आतून चालूच होतं, हे त्यांना ब्रशच्या प्रत्येक फटक्याला माहीत होतं.

गुरुवारी संग्रहालयाच्या बाई आल्या. चाळिशीच्या, पायात कापडी बूट, खांद्याला मोठी झोळी. मुलाने अर्धी रजा टाकली होती, खोकी उचलायला. ताईंनी कपाटाची दारं सताड उघडी ठेवली होती आणि सात चांगल्या पुढच्या रांगेत उभ्या केल्या होत्या.

बाईंनी पुढची एक उचलली आणि आधी नाकाशी धरली.

"कापूर," बाई म्हणाल्या आणि हसल्या. दुसरी उचलली. पाय हलवून बघितला. "दोरी तुम्ही ओवलीत? आणि हा गालाचा रंग... कुठे जोड आहे ते सांगितल्याशिवाय कळणार नाही."

"आई कवळ्या करायची," मुलगा म्हणाला. "तिच्या कवळ्याही लोक स्वतःचे दात म्हणून मिरवायचे."

बाई मोकळं हसल्या. मागे उभं राहून त्यांनी सगळं कपाट नजरेखालून घातलं. "आम्ही सगळ्या घेऊ," त्या म्हणाल्या. "फोडणार नाही संग्रह. आमच्याकडे कचकड्याच्या साठेक आहेत, वेगवेगळ्या लोकांनी दिलेल्या. एक शंभर वर्षांची आहे, तिच्या मालकिणीच्या नातीने रडत आणून दिली. सगळ्या एकत्र ठेवायच्या. नवं काचेचं कपाट करून घेतलंय खास, धुळीचा कण जाणार नाही असं."

मुलगा खोकी उघडू लागला. सून चहा घेऊन आली होती.

"त्या आजारी आहेत," ताई म्हणाल्या.

"आई," सून हळूच म्हणाली.

"चौतीस आजारी आहेत. पुढच्या सात सोडून सगळ्या. मी रंग लावलाय वरून."

बाईंनी मागच्या रांगेतली एक काढली, झगा वर केला आणि पाठीच्या भोकाला नाक लावलं. त्यांचा चेहरा बदलला. दुसरी बघितली. तिसरी बघायच्या आधी त्यांनी ती परत ठेवून दिली.

"किती दिवस झाले?"

"आठ महिने असतील. तीन महिने कपाट घट्ट बंद होतं."

"तुम्हाला कळलं कसं नाही?" यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. "इतकी वर्षं काम करताय. इतकं बारीक काम तुमचं."

"मला वास येत नाही," ताई म्हणाल्या.

मुलाने हातातलं खोकं खाली ठेवलं. "म्हणजे?" तो म्हणाला. मग त्याच्या डोळ्यांसमोर काय आलं ते त्याच्या तोंडावर दिसलं. "म्हणजे गॅस? आई, तू दिवसभर घरात एकटी असतेस."

ताईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. हा प्रश्न येणार हे त्यांना दोन वर्षं माहीत होतं.

"ते नंतर बोला," सून त्याला म्हणाली. "मी असते घरी आता."

"आता. आणि नंतर?"

"नंतर म्हटलं ना मी."

बाई चहाचा कप हातात घेऊन उभ्याच होत्या. "सातही नेता येणार नाहीत," त्या म्हणाल्या. "एकाच हवेत होत्या. आज कापूर आहे, सहा महिन्यांनी काय असेल सांगता येत नाही. मी त्या साठ जणींचा धोका घेऊ शकत नाही. तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं."

"हो," ताई म्हणाल्या.

"आणि बिघडलेल्या साठवू नका. जाळायच्या तर मुळीच नाहीत, भडका उडतो. पाण्यात बुडवून ठेवा, आणि महापालिकेला कळवून तशाच बादलीसकट देऊन टाका. तुम्ही सांगितलंत, नाहीतर..." त्यांनी वाक्य सोडलं. कप खाली ठेवला, झोळी खांद्याला लावली, आणि मग दारातून परत फिरल्या.

"एक द्याल?"

ताईंनी वर बघितलं.

"आमच्याकडे नवी मुलं कामाला येतात. रोग कसा दिसतो हे त्यांना दाखवायला काही नाही. फोटो आहेत नुसते. वेगळ्या बरणीत ठेवू, बाकीच्यांपासून लांब. अर्धी बिघडलेली चालेल. म्हणजे चांगलं काय आणि खराब काय, दोन्ही दिसेल."

ताई कपाटापाशी गेल्या. खलाशी नव्हता, त्याचा सोमवारीच भुगा भरून ठेवला होता. त्यांनी खालच्या फळीवरून एक उचलली. वीतभर उंचीची, तोंड नितळ, ओठ किंचित उघडे, आत दोन दात. ते दात ताईंनी कवळीच्या सामानातून घासून बसवले होते, गव्हाच्या दाण्याहून लहान. या बाहुलीचे दोन्ही पाय गुडघ्याखाली तडकत चालले होते.

"ही," त्या म्हणाल्या.

"छान आहे," बाई म्हणाल्या. झोळीतून त्यांनी रुंद तोंडाची बरणी काढली, भोकं पाडलेल्या झाकणाची. मग जरा संकोचून म्हणाल्या, "कपडे काढून द्याल? तडे झाकले जातात. आणि... पायांवर रंग लावला असेल तर तोही पुसता येईल का?"

मुलगा आणि सून स्वयंपाकघरात गेले होते. तिथून दबका आवाज येत होता, त्याचा चढा, तिचा त्याहून चढा. ताईंनी बाहुली मांडीवर घेतली. चिंधी ओली केली, पायांवरचा गुलाबी रंग हळूहळू उतरवला. खालच्या रेषा वर आल्या. मग त्यांनी पाठीमागची बटणं काढायला घेतली. झगा त्यांनी कालच शिवला होता आणि बटणं घट्ट होती.

"सावकाश," बाई म्हणाल्या. "मला घाई नाही."